घोरपडीचा मुडदूस: सीमाभागातील एका सर्पालयातील प्रकाशव्यवस्थेचे प्रकरण

ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता आणि बेळगावात कितीतरी दिवस धड ऊन पडलेले नव्हते. सीमाभागातील एका लहान सार्वजनिक प्राणिसंग्रहालयातून मला बोलावणे आले. तिथल्या सर्पालयात दोन घोरपडी आहेत. त्यांतली मादी तीन आठवड्यांपासून ओंडक्यावर चढत नव्हती आणि चढायचा प्रयत्न केला की तिचे मागचे पाय थरथरत होते. संस्थेचे नाव या टिपणात देत नाही. पशुवैद्य म्हणून माझा रोजचा व्यवहार गाई-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांचा आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांशी गाठ पडते ती सर्पमित्रांनी आणलेल्या जखमी धामणी-अजगरांपुरती. म्हणून पहिल्या भेटीत मला जे दिसले ते आणि जे दिसायला हवे असूनही दिसले नाही ते, दोन्ही येथे नोंदवले आहे.

सर्पालयाचे रखवालदार वीस वर्षांचे अनुभवी गृहस्थ. ते म्हणाले, "आधी कसं सरसर वर जायचं, डॉक्टर. आता चढंनाच झालंय बघा. खातंय मात्र बरं." हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे होते. जनावर खाते आहे म्हणजे फार काही बिघडलेले नाही, असा आपल्याकडे सर्वत्र समज आहे, आणि याच समजापायी तीन आठवडे गेले होते.

सर्पालयाची इमारत चार वर्षांपूर्वीची. एका रांगेत आठ काचघरे, पुढे जाड काच, मागच्या भिंतीवर डोंगर-झाडांचा रंगवलेला देखावा, आणि उजेड यावा म्हणून छपरात मधूनमधून पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक शीटा. घोरपडींचे काचघर साडेचार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच होते. छताला लागून 'सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची' अतिनील किरणांची ट्यूब बसवलेली होती आणि धुताना पाणी उडू नये, घोरपडीने झेप घेऊन फोडू नये म्हणून तिच्याखाली दुधी रंगाचे प्लास्टिकचे आच्छादन होते. कोपऱ्यात एक लाल बल्ब दिवसरात्र जळत होता. शेजारच्या काचघरात अजगर, पलीकडे धामण आणि नाग, आणि शेवटच्या घरात अकरा स्टार कासवे होती. ही कासवे तस्करांकडून जप्त केलेली, बहुतेक वाढीच्या वयातली. उन्हाळ्यात ती बाहेरच्या कुंपणात राहत. जूनमध्ये कुंपणात चिखल झाला की त्यांना आत हलवले जाई ते दिवाळीपर्यंत.

कागदोपत्री यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, आणि मान्यतेचे सध्याचे नियम २००९ चे आहेत. आवाराचे क्षेत्रफळ, निवारा, पाणी, पशुवैद्यकीय सोय या गोष्टी कार्यालयाने नीट राखल्या होत्या. तपासणीच्या वेळी लांबी-रुंदी मोजली गेली, ट्यूब आहे का हे विचारले गेले, ट्यूब होती. ट्यूबमधून निघालेले किरण घोरपडीच्या पाठीपर्यंत पोचतात का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी मीही विचारला नाही.

मादीचा खालचा जबडा बोटांनी दाबला तर किंचित लवत होता. शेपटीच्या मुळाशी कण्याला बाक आला होता. पायांच्या बोटांना मधूनच झटके येत. शहरात नेऊन एक्स-रे काढला तेव्हा मांडीची हाडे इतकी फिकट दिसली की आजूबाजूच्या मांसापासून ती वेगळी काढायला डोळे ताणावे लागले. रक्तातले कॅल्शियम मात्र जवळजवळ योग्य प्रमाणात होते, आणि नवख्याची फसगत होते ती इथेच. रक्तातले कॅल्शियम घसरू लागले की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते ओढून रक्तात आणतात. त्यामुळे हाडे पोकळ होत असताना रक्ताचा अहवाल बराच काळ चांगला येत राहतो. माणसाच्या मुलांत ज्याला आपण मुडदूस म्हणतो त्याचाच हा चुलतभाऊ. नराची हाडे तुलनेने बरी होती. कासवांपैकी तीन लहानांचे पोटाकडचे कवच अंगठ्याखाली दबत होते, आणि जुलैत दोन कासवे मेल्याची नोंद रजिस्टरमध्ये 'न्यूमोनिया' अशी होती. ती चूक होती असे मी म्हणणार नाही. मऊ कवचाच्या, अंगात ऊब नसलेल्या कासवाला न्यूमोनिया होणे अगदी शक्य आहे.

या टप्प्यावर सोपे उत्तर हाताशी होते: कॅल्शियमची पावडर लिहून द्यायची आणि निघायचे. थांबवले ते शेजारच्या अजगराने. तोही चार वर्षे त्याच इमारतीत, त्याच छपराखाली होता. पण त्याची हाडे, कातडी, कात टाकण्याचा क्रम सगळे ठीक होते. इमारतीत प्रकाश नाही हेच एकमेव कारण असते तर त्यालाही त्याची झळ लागायला हवी होती. म्हणून खाण्याचे रजिस्टर मागवले. अजगराला अख्खे उंदीर आणि अख्खी कोंबडी मिळत होती. घोरपडींना पूर्वी उंदीर मिळत. पुरवठा अनियमित झाला तेव्हा कोंबडीच्या छातीचे बिनहाडाचे तुकडे सुरू झाले, कारण उरलेली हाडे गटारात अडकतात अशी सफाईवाल्यांची तक्रार होती. सोबत अंडी होती, पण फोडून, टरफल काढून.

निव्वळ मांसात कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस पंधरा-वीस पट असतो. अख्ख्या उंदराबरोबर हाडे येतात, त्याच्या यकृतातले ड जीवनसत्त्व येते, आणि शिकारी प्राण्याची गरज बऱ्याच अंशी तिथेच भागते. अजगर मुळात सावलीचा, संध्याकाळचा प्राणी. तो अख्ख्या भक्ष्यावर अंधारातही तगला. घोरपडीच्या बाबतीत दोन्ही दारे एकदम बंद झाली: ताटातून हाड गेले आणि ऊन तर चार वर्षांपूर्वीच गेले होते. कासवांचे प्रकरण आणखी वेगळे. ती शाकाहारी, त्यांना ड जीवनसत्त्व ताटातून मिळण्याचा मार्ग जवळपास नाहीच, ते उन्हातूनच यायचे. त्यांच्या पुढ्यात बाजारातून उरलेली कोबीची पाने, काकडी आणि टोमॅटो येत होते. पाणी भरपूर, कॅल्शियम नावापुरते. म्हणजे एका इमारतीत तीन प्राणी होते आणि एकाच अंधाराचे तिघांवरचे परिणाम तीन निघाले.

आता प्रकाशाकडे. कातडीतल्या एका द्रव्यावर साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण पडले की ड जीवनसत्त्वाचे कच्चे रूप तयार होते. या किरणांना अतिनील-बी म्हणतात. कच्चे रूप पक्के होण्यासाठी ऊब लागते. आपल्या अंगात ती कायम असते, सरपटणाऱ्या प्राण्याला ती बाहेरून घ्यावी लागते. पुढचे संस्कार यकृतात आणि मूत्रपिंडात होतात. म्हणून किरण आणि ऊब एकाच जागी, एकाच वेळी मिळणे आवश्यक असते, आणि निसर्गात ती तशीच मिळतात, कारण दोन्हींचा उगम सूर्यच आहे. आपल्या भाषेत प्राणी 'ऊन खातो' असे म्हणतात ते शब्दशः खरे आहे.

पुण्यातल्या एका परिचिताकडून अतिनील निर्देशांक, म्हणजे या किरणांच्या जोराचा आकडा, मोजणारे हातातले मीटर आठवड्यासाठी मागून आणले. गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी ढग जरा फाटले होते. अंगणात मीटरवर ७.८ आला. मग छपरावरून काढून ठेवलेल्या जुन्या पॉलिकार्बोनेट शीटचा तुकडा मीटरवर धरला: ०.०. खिडकीची काच धरली: ०.०. रखवालदारांनी तुकडा स्वतःच्या हातात घेतला, बाजूला केला, परत धरला, असे चार-पाच वेळा केले आणि ते काहीच बोलले नाहीत. उजेड तर तितकाच होता, ऊबही बरीचशी आत येत होती. डोळ्याला आणि कातडीला फरक कळत नाही, म्हणूनच ही चूक चार वर्षे टिकते.

आत गेलो. आच्छादनासह ट्यूबखाली एका फुटावर ०.०. आच्छादन काढल्यावर त्याच जागी ०.६. आणि घोरपड जिथे बसते त्या दगडावर, म्हणजे ट्यूबपासून जवळपास दोन मीटर खाली, पुन्हा ०.०. ट्यूब इमारतीबरोबरच बसवलेली होती आणि 'जळते आहे' म्हणून कधीच बदललेली नव्हती. या ट्यूबांचा दृश्य उजेड वर्षानुवर्षे टिकतो, अतिनील भाग मात्र आधीच ओसरतो. म्हणून उत्पादक साधारण सहा महिने ते वर्षभरात बदलायला सांगतात. अशा रीतीने एकाच ट्यूबवर तीन चुका साचल्या होत्या, आच्छादन, अंतर आणि वय. यांतली कुठलीही एक सुधारून बाकी दोन तशाच ठेवल्या असत्या तरी दगडावरचा आकडा हलला नसता.

किती किरण हवेत, याचे उत्तर देणारी चौकट आज उपलब्ध आहे. टेक्सासमधील गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी जमैका आणि अमेरिकेतील सरडे-सापांच्या पंधरा जाती रानात दिवसभर प्रत्यक्ष किती निर्देशांकात वावरतात हे मोजून २०१० मध्ये त्यांचे चार गट पाडले. सरासरी ०.७ पर्यंतचे सावलीतले आणि तिन्हीसांजेचे प्राणी पहिल्या गटात, ०.७ ते १.० चे, अधूनमधून ऊन खाणारे दुसऱ्यात, १.० ते २.६ चे, मोकळ्यावर ऊन खाणारे तिसऱ्यात, आणि २.६ ते ३.५ चे, भर दुपारी हिंडणारे चौथ्यात. पुढे ब्रिटन-आयर्लंडच्या प्राणिसंग्रहालय संघटनेच्या कार्यगटाने याच चौकटीत अडीचशेच्या आसपास जाती बसवल्या आणि २०१६ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. त्यातली खरी शिकवण आकड्यांपेक्षा उताराची आहे: एका टोकाला गटाच्या कमाल मर्यादेइतका प्रकाश आणि ऊब, दुसऱ्या टोकाला पूर्ण सावली, आणि मधली निवड प्राण्याची. सगळ्या काचघरात एकसारखा प्रकाश ठेवणे हीसुद्धा शिक्षाच.

ऊब मोजताना थोडी गंमत झाली. कोविडपासून प्रत्येक कार्यालयात कपाळाचा ताप बघणारी बंदूक असते. व्यवस्थापकांनी मोठ्या उत्साहाने तीच काढून दिली. ती माणसाच्या तापाच्या मर्यादेतच चालते, दगडावर धरली की 'लो' दाखवते. कारखान्यात वापरतात तसले उपकरण उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून आणले. घोरपडीच्या दगडाचा पृष्ठभाग २७ अंश, फरशीचा कोपरा २२. रजिस्टरमध्ये गेल्या जानेवारीपासून रोज एकच आकडा होता: २८. भिंतीवर डोक्याच्या उंचीला लावलेल्या तापमापकाचा तो आकडा, आणि तोही बहुधा रोज पाहिलेला नव्हता. बेळगावचा जानेवारी आणि बेळगावचा एप्रिल एकाच आकड्यात बसत नाहीत. मोठी घोरपड सकाळी ४५ अंशांच्या वर तापलेल्या खडकावर पसरते आणि अंग तापले की शिकारीला निघते. २७ अंशांवर ती जगते, खाल्लेले कसेबसे पचवते, पण ऊन खाऊन निघालेल्या घोरपडीचे जगणे ते नव्हे. रात्रीचा लाल बल्बही निरुपद्रवी नव्हता. माणसाला तो मंद वाटतो. ज्यांचा रंगबोध आपल्याहून व्यापक आहे अशा सरड्यांना आणि कासवांना त्यामुळे रात्र रात्रीसारखी मिळत नाही. बेळगावच्या अक्षांशावर दिवस डिसेंबरात सुमारे अकरा तासांचा आणि जूनमध्ये सुमारे तेरा तासांचा असतो. काचघराचे घड्याळ त्याच्याशी जुळवणे हे सर्वांत स्वस्त काम होते आणि ते त्याच संध्याकाळी झाले.

नव्या ट्यूबांची मागणी लिहून दिली आणि इथे प्रकरणाने असे वळण घेतले की त्याची आठवण अजूनही अस्वस्थ करते. मागणीत मी 'अतिनील ट्यूब' एवढेच लिहिले होते. खरेदी विभागाने सर्वांत कमी दराची निविदा मान्य केली आणि आलेल्या खोक्यात जंतुनाशक ट्यूबा निघाल्या. दवाखान्यात, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात असतात त्या, २५४ नॅनोमीटरच्या. हा अतिनील-सी किरण. तो डोळे आणि कातडी जाळतो, प्राण्याचेही आणि साफसफाईला आत जाणाऱ्या माणसाचेही. बाजारात अतिनील या एका नावाखाली तीन निराळ्या वस्तू विकल्या जातात: जंतुनाशक ट्यूब, मिठाईच्या दुकानात माश्या मारणाऱ्या यंत्रातली निळसर ट्यूब, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची ट्यूब. पहिली घातक, दुसरी या कामाला निरुपयोगी. निविदेत तरंगलांबी लिहायला हवी होती आणि ती लिहिली नाही हा दोष खरेदी विभागाचा नाही, माझा आहे. रखवालदारांनी खोक्यावरचे धोक्याचे चिन्ह पाहून फोन केला म्हणून ट्यूबा लागल्या नाहीत. नव्या मागणीत तरंगलांबीचा पट्टा, परावर्तक पत्रा, आणि 'बसवल्यावर दीड फुटावर निर्देशांक मोजून दाखवणे' ही अट घातली. पुरवठादार कुरकुरला, पण दाखवून गेला.

आतल्या बदलांबद्दल फार लिहीत नाही. ट्यूब खाली आणली, आच्छादनाच्या जागी मोठ्या छिद्रांची जाळी आली, तिच्याखाली दीड फुटावर काळ्या दगडाचा ओटा बांधला. ओट्यावर एक नव्हे तर तीन हॅलोजन बल्ब शेजारी शेजारी लावले, कारण मोठ्या घोरपडीवर एकच झोत टाकला तर पाठीचा तळहाताएवढा भाग भाजतो आणि शेपूट थंड राहते. थंडी जात नाही म्हणून ती हलत नाही, आणि भाजणे वाढते. दगडाचा पृष्ठभाग ४८ अंशांवर, निर्देशांक पाठीच्या उंचीला २.३, आणि काचघराच्या दुसऱ्या टोकाला सावली, ओल्या मातीचा ढीग आणि लपायला सिमेंटचा पाइप. वीज जाते तेव्हा ट्यूबा इन्व्हर्टरवर चालतात. हॅलोजनचा भार तो पेलत नाही, आणि तास-दोन तास ऊब गेल्याने काही बिघडत नाही.

पण हे सगळे करूनही मला मूळ प्रश्न निराळाच वाटत होता आणि व्यवस्थापनापुढे तो मांडायला मी कचरलो नाही. बंद, काचेचे, दिव्यांवर चालणारे सर्पालय ही थंड देशांची गरज आहे. तिथे वर्षातले अनेक महिने बाहेर ठेवलेले कासव गारठून जाईल, म्हणून त्यांनी सूर्य विकत घेतला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, मे महिन्यात दुपारचा निर्देशांक इथे ११ च्या वर जातो आणि डिसेंबरच्या निरभ्र दिवशीही पुरून उरतो. इथल्या घोरपडीला, जी आपल्याच बांधावरची, उसाच्या फडातली आहे, तिला भिंतीआड नेऊन मग तिच्यासाठी परदेशी ट्यूबची निविदा काढणे हा उलटा व्यवहार आहे. त्याच संग्रहालयातल्या मगरी उघड्या तळ्यात होत्या आणि त्यांना काही झाले नव्हते. कृष्णेच्या २०१९ च्या पुरात रायबाग तालुक्यातल्या घराच्या छपरावर जाऊन बसलेली मगर साऱ्या देशाने पाहिली; बुडालेल्या शिवारातही तिने कोरडी, उघडी जागा शोधली होती.

खरी गरज दिव्यांची आहे ती जून ते सप्टेंबर, आणि तीसुद्धा जिल्हाभर सारखी नाही. खानापूरच्या बाजूला जुलैत आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. अथणीकडे त्याच महिन्यात दोन सरींच्या मध्ये चटके देणारे ऊन पडते. एकाच नकाशावरून दोन्हीकडे इमारत उभी केली तर एकीकडे ती अपुरी आणि दुसरीकडे निरर्थक ठरेल. आराखडा मंजूर करणाऱ्यांनी क्षेत्रफळाबरोबर त्या ठिकाणच्या सर्वांत अंधाऱ्या आठवड्यातला आकडा मागवला पाहिजे, असे माझे मत आहे. मे महिन्यातल्या तपासणीत कुठलेही आवार चांगलेच दिसते.

सर्पालयाच्या मागे पूर्वेकडे एक पडीक तुकडा होता. तिथे सात मीटर बाय पाच मीटरचे खुले आवार झाले. भिंत दीड मीटर, वरच्या भागाला गुळगुळीत फरशी आणि आत झुकलेला ओठ. पाया जवळपास एक मीटर खोल, कारण घोरपड चढते त्याहून चांगली उकरते. वर एक इंच छिद्रांची वेल्डेड जाळी, ती माकडे, घारी आणि भटक्या कुत्र्यांसाठी. जाळीखाली निर्देशांक थोडाच उतरतो, हे मोजून पाहिले. अर्ध्या भागात शहाबादी फरशी आणि काळे दगड, अर्ध्यात माती, गवत आणि बांबूचा आडोसा. पूर्व मुद्दाम निवडली: थंडीत इथली पहाट बारा-चौदा अंशांची असते आणि सकाळी आठ-नऊचे कोवळे ऊन दगडावर पडणे सर्वांत मोलाचे, त्या वेळी निर्देशांकही बेताचा असतो. कासवांच्या कुंपणात मुरमाचा उंचवटा करून पाणी निघायला चर काढला, त्यामुळे चार महिने आत राहण्याऐवजी आता पावसाची झड असेल तेवढेच दिवस ती आत असतात. त्यांच्या ताटात कोबी-टोमॅटोच्या जागी शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, फड्या निवडुंगाचे काटे काढलेले तुकडे आणि कापलेले गवत आले. यातले काहीही विकत घ्यावे लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते आधी सुचले नव्हते.

एक गोष्ट नमूद केली पाहिजे. काही कासवांच्या कवचावर पिरॅमिडसारखे उंचवटे आले होते आणि व्यवस्थापकांनी तेही प्रकाशाच्या खात्यावर टाकले. ते मला पटले नाही. वाढीच्या वयात हवा फार कोरडी असणे हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते, आणि ही कासवे आमच्याकडे येण्याआधी कुठे, कशा पेटीत, किती काळ होती हे कोणालाच माहीत नाही. स्टार कासवाला २०१९ पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात सर्वांत कडक संरक्षण आहे. तरीही ती चोरवाटेने येतातच, आणि येताना आपला इतिहास बरोबर आणत नाहीत.

लोकांचा प्रतिसाद संमिश्र होता. काचेआड प्राणी हमखास दिसे. खुल्या आवारात घोरपड दुपारी पाइपात जाते आणि तिकीट काढून आलेले लोक रिकामा दगड बघून चिडतात. पूर्वी काच वाजवत, आता खडे मारतात. प्राण्याला डिवचणे, खायला टाकणे किंवा गोंगाट करणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-जे कलमाखाली गुन्हा आहे, असा फलक तिथे आहे. तो कन्नड आणि इंग्रजीत असल्याने आपल्याकडच्या सहलीच्या मुलांना गुरुजींनी वाचून दाखवावा लागतो. घोरपडीला कन्नडात 'उडा' म्हणतात. ते नाव वाचून 'हे उडतंय काय?' असे विचारणारा चिक्कोडीकडचा एक मुलगा मी स्वतः ऐकला आहे. दर्शनाची अडचण रखवालदारांनीच सोडवली: सकाळी साडेआठ ते दहा घोरपडी दगडावर असतात, म्हणून शाळांच्या सहलींना तीच वेळ दिली जाते.

उपचारांत तोंडावाटे कॅल्शियम, अख्खे उंदीर, टरफलासकट अंडी आणि ऊन, एवढेच होते. ड जीवनसत्त्वाची इंजेक्शने मी टाळली. मात्रा जरा चुकली तर कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचते आणि ते परत काढता येत नाही. डिसेंबरमधल्या एक्स-रेमध्ये नराची हाडे भरून आली होती. मादीचा जबडा घट्ट झाला, थरथर गेली, पण कण्याचा बाक तसाच राहिला. ती फरशीवर नीट फिरते, दगडावर ऊन खाते. ओंडक्यावर मात्र पुन्हा चढली नाही. मऊ कवचाच्या तीन कासवांपैकी दोन सुधारली, एक नोव्हेंबरमध्ये मेले.

तापमानाच्या रजिस्टरला आता सहा रकाने आहेत: वेळ, दगडाचे तापमान, सावलीचे तापमान, दगडावरचा निर्देशांक, ट्यूब बसवल्याची तारीख, शेरा. संस्थेने स्वतःचे मीटर घेतले, हा एकूण खर्चातला लहान पण कार्यालयाला समजावून देण्यास सर्वांत अवघड भाग होता. ट्यूबा बसल्या ऑक्टोबरमध्ये; त्यांची मुदत पुढच्या पावसाळ्यातच संपत आली, आणि नव्या खरेदीची तरतूद नव्या आर्थिक वर्षातल्या मंजुरीवर अडली. मी यंदा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा बाहेर पाऊस लागून राहिला होता, घोरपडी आत होत्या आणि रजिस्टरमधली शेवटची ओळ रखवालदारांच्या अक्षरात होती: "सकाळी ९. दगड ४७. सावली २४. निर्देशांक १.१, मागच्या महिन्यात १.४. ट्यूब बदलणे. तिसऱ्यांदा कळवले."